ठवकरभाऊंचा बडोद्याचा नकाशा

परवा माझ्याकडे मिक्सरचं भांडं घेऊन कुरिअरवाला आला. आला म्हणजे, येता येता राहिला. मी त्याला मोबाईलवर ठिकाण पाठवलं होतं, त्याच्या पडद्यावरचा ठिपका म्हणे माझ्या घरावरच उभा होता, आणि हा बाबा नाल्यापलीकडच्या शाळेमागे थांबून मला फोनवर विचारतो, "मॅडम, आना किधर से है?" मी सांगितलं, पिठाच्या गिरणीपासून आत ये, मोठं निंबाचं झाड लागेल, त्याच्या पुढे गाडी नेऊ नको, वळवायला जागा नाही. लगेच दारात हजर झाला. चहा घेतोस का विचारलं तर नको म्हणाला. वेळ नसतो त्यांना. तो गेला आणि मला आमच्या ठवकरभाऊंची अशी आठवण आली की भांडं तसंच खोक्यात राहिलं.

मी एका मालवाहतूक कंपनीत फॅक्स सांभाळायची. ऑफिस नागपूरच्या धरमपेठेत, गोदाम शहराबाहेर वाडीला. हिंदुस्थानात माल कुठूनही कुठेही न्यायचा असो, त्याला नागपूर टाळता येत नाही, तेव्हा आमचे फोन कधी थंड नसायचे. आता फॅक्स म्हटलं की लोक हसतात. हसा बापडे. पण आमच्याकडचं ते फॅक्स सर्व्हर प्रकरण काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

साधं फॅक्स मशिन तुम्ही पाहिलं असेल. कागद आत सारायचा, नंबर लावायचा, पलीकडच्या मशिनमधून त्याची नक्कल निघते. आमच्याकडे माणसं भरपूर आणि मशिन एक, त्यामुळे त्याच्यापुढे रेशनच्या दुकानासारखी रांग लागायची आणि रोज कोणाचं तरी कोणाशी वाजायचं. म्हणून साहेबांनी सर्व्हर आणला. तो एक कॉम्प्युटरच, फक्त त्याच्या पोटात चार टेलिफोन लाइनी खुपसलेल्या. ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटर वायरीनं त्याला जोडलेले. ज्याला फॅक्स करायचा त्यानं खुर्चीतून उठायचंही नाही, प्रिंट काढल्यासारखं बटण दाबायचं. कागद सर्व्हरकडे जाई आणि जी लाइन मोकळी असेल तिच्यावरून तो नंबर लावी. एंगेज लागला तर थोडं थांबून पुन्हा, आणि पुन्हा. माणूस ज्याला कंटाळतो त्याला तो कंटाळत नसे.

जाणारा फॅक्स असा सोपा. येणारा मात्र अवघड. फॅक्स आला एवढंच सर्व्हरला कळे, कोणासाठी आला ते कळत नसे. मग सगळे फॅक्स एकाच पेटीत पडत आणि ती पेटी माझ्या पडद्यावर. मी एकेक उघडायची, पाहायची आणि ज्याचा त्याच्या टेबलावर रवाना करायची. नाव लिहिलेलं नसलं तरी माझं अडत नसे. अकोल्याच्या शाखेतला माणूस अक्षरं डावीकडे पाडायचा, रायपूरचा प्रत्येक कागदाच्या डोक्यावर श्री घालायचा. सर्व्हरला एक बारका स्पीकर होता. लाइन जुळताना दोन मशिनं एकमेकांशी शिट्ट्या मारत बोलायची, आणि त्या शिट्टीवरून मला कळायचं की आज वर्ध्याकडची लाइन खरखरते आहे. लोकांना वाटे ही बाई फेकते. वाटू दे.

फजित्याही झाल्या. हिशेबातल्या एका भैताडानं अमरावतीच्या पार्टीचा नंबर चुकीचा टाकला आणि सुटीवर गेला. सर्व्हर बिचारा इमानदार, तो दुपारभर तोच नंबर लावत राहिला. नंबर होता एका घरचा. त्या घरच्या बाईंनी कुठून कुठून आमचा पत्ता काढून मला फोन केला. म्हणाल्या, "आमच्या घरी शिट्ट्या काहून वाजवून राहिले तुम्ही लोकं? घरात नवी सून आहे." मी इतकी माफी मागितली की शेवटी त्यांनीच मला नागपूरला पाऊस पडला का म्हणून विचारलं.

आता ठवकरभाऊ. हे वाडीच्या गोदामाचे मुख्य. नागपूरच्या महाल भागात घर, जुनी स्कूटर, कानावर कायम पेन्सिल. बोलणं कमी आणि तेही बरेचदा चिडलेलं. पण त्यांच्यासारखा नकाशा काढणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. ट्रक ड्रायव्हरला पत्ता देऊन उपयोग नसतो हो. अमुक प्लॉट, तमुक नगर, त्याला काय करायचं आहे? त्याला कळायला हवं की शहरात कुठून शिरायचं, पूल किती उंच आहे, गाडी कुठे वळते आणि कुठे अडकते. भाऊ एका कागदावर ते सगळं काढून द्यायचे. देवळाला त्रिकोण, पाण्याच्या टाकीला गोल, रेल्वे फाटकाला दोन आडव्या रेघा, गाडी जाणार नाही तिथे फुली, आणि माल उतरवायच्या जागी चौकोन. शेवटी एक कपबशी काढून खाली लिहायचे, इथं चहा मिळेल. ड्रायव्हर गाव विसरेल पण चहाची जागा विसरणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

गंमत म्हणजे हा माणूस स्वतः नागपूरच्या बाहेर म्हणून गेलेला नव्हता. आलेल्या ड्रायव्हरला बाकड्यावर बसवायचं, खोदून खोदून विचारायचं आणि त्याच्या तोंडून शहर काढून घ्यायचं. सुरत, विजयवाडा, कानपूर, सगळं त्यांनी वाडीच्या शेडखाली बसून काढलं. नकाशे माझ्याकडे यायचे, मी ते सर्व्हरवर घ्यायची, आणि ड्रायव्हर वाटेत जिथे असेल तिथल्या शाखेत किंवा पेट्रोल पंपावर फॅक्स करायची. बाकीचे फॅक्स काही महिन्यांनी आपोआप पुसले जात. नकाशांचं मात्र मी वेगळं कपाट केलं होतं, एकेका गावाचा एकेक कप्पा, आणि ते कधीच पुसायचं नाही असं सर्व्हरला सांगून ठेवलेलं.

पेन्सिलीची रेघ फॅक्सवर उमटत नाही. म्हणून रविवारी भाऊंची मुलगी रंजना गोदामात येऊन त्यांच्या रेघांवर काळ्या पेनानं गिरवायची. आई ती शाळेत असतानाच गेलेली, त्यामुळे बाप जिथे तिथे पोरगी. नकाशावरचं अक्षर तिचं असे, गोल, ठसठशीत, प्रत्येक 'ळ'ला मोठं पोट. पुढे तिला बडोद्याला एका कंपनीत नोकरी लागली आणि भाऊंचे नकाशे बिचकल्यासारखे दिसू लागले. आता तेच गिरवायचे.

बडोद्यालाच तिनं तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. मुलगा दुसऱ्या समाजातला. भाऊंना आधी विचारलं नाही, नंतर कळवलं. ते तिच्याशी फोनवर एक अक्षर बोलले नाहीत, फोन ठेवून दिला. त्यानंतर तिचा फोन आला की गोदामातल्या कोणाला तरी "नाहीत" म्हणून सांगायला लावायचे आणि स्वतः शेजारी उभे राहायचे. तिनं घरचा फोन लावून पाहिला, तर त्यांनी तो काढूनच टाकला. मी एकदा समजावायला गेले तर म्हणाले, ताई, तुम्ही फॅक्स पाहा. मी फॅक्स पाहू लागले.

आणि एका सकाळी माझ्या पेटीत एक नकाशा येऊन पडला. वर नाव नाही, कोणासाठी ते नाही, नुसता बडोद्याचा नकाशा. त्रिकोण, गोल, फाटकाच्या दोन रेघा, गाडी वळत नाही तिथे फुली. मला वाटलं नेहमीसारखा माल उतरवायचा असेल, म्हणून मी तो सवयीनं बडोद्याच्या कप्प्यात टाकला आणि कुठला माल ते शोधत बसले. कुठलाच नव्हता. पुन्हा उघडून पाहिला. चौकोनात लिहिलं होतं, "दुसरा मजला". खाली कपबशी होती आणि पुढे, "इथं चहा मिळेल". 'ळ'चं पोट पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की हा माल नाही.

गोदामात कॉम्प्युटर टिकत नसत, धुळीनं मरत. तिथे ते जुनं रोलवालं मशिनच होतं. मी नकाशा तसाच त्या मशिनवर पाठवून दिला. भाऊ त्याबद्दल काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून बडोद्याचा माल निघाला की नकाशा दुसऱ्या कोणाला काढायला लावायचे.

वर्षं गेली. साहेबांचे चिरंजीव कारभार पाहू लागले, सगळं ई-मेलवर आलं, ड्रायव्हरांच्या हातात मोबाईल आले. माझ्या चार लाइनींवर कधी कधी अख्ख्या सकाळीत एक फॅक्स नसे. स्पीकर शांत. मी उगीच त्याच्यावरची धूळ पुसायची. मग ठरलं की ऑफिस विमानतळापलीकडे मिहानला हलवायचं आणि सर्व्हर बंद करून चारही लाइनी परत करून टाकायच्या. महिनाअखेरची तारीख पडली. सामान हलायला लागलं, प्रिंटर तर पहिल्याच खेपेला गेला. भाऊंची निवृत्तीही त्याच महिन्यात होती.

अशात एके दिवशी ठवकरभाऊ धरमपेठेच्या ऑफिसात आले. ते कधी यायचे नाहीत. माझ्यासमोर बसले आणि पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. चांगला प्लास्टिकमध्ये घातलेला, चकचकीत आणि पूर्ण काळा. शाळेतली पाटी असते तसा.

"रंजूचा नकाशा होता," ते म्हणाले. "फिक्का पडून राहिला होता. महालातल्या त्या पोट्ट्यानं म्हटलं, लॅमिनेशन करा, जिंदगीभर टिकते. मशिनीतून असा निघाला."

मला हसू की रडू कळेना. रोलच्या मशिनचा कागद शाईनं उमटत नाही, ऊब लागली की काळा होतो, तेवढंच त्याचं कसब. म्हणून तर मे महिन्यात ट्रकच्या काचेपाशी ठेवलेला फॅक्स दुपारपर्यंत काळा पडायचा आणि भाऊच ड्रायव्हरांना ओरडायचे की कागद डब्याच्या पिशवीत ठेवा म्हणून. लॅमिनेशन म्हणजे तर इस्त्रीच. दुनियेला शहाणपण सांगणारा माणूस स्वतःचा कागद इस्त्रीखाली देऊन आला होता. एवढी वर्षं तो पाकिटात जपला, आणि जायचं ठरवलं तेव्हा जळाला.

जायचं ठरवलं होतं त्यांनी. निवृत्तीनंतर, कोणाला न सांगता. तिचा फोन नंबर बदललेला, ती कंपनी तिनं सोडलेली, पत्ता म्हणून त्यांच्याकडे तेवढा नकाशा होता. बडोदा केवढं मोठं. ते काळ्या प्लास्टिकवरून बोट फिरवत होते, कुठे फाटक होतं, कुठे टाकी होती ते आठवायला. फाटकापर्यंत आठवत होतं, पुढचं नाही.

मी म्हटलं, भाऊ, थांबा. मी तो कप्प्यात टाकला होता.

खुर्ची सरकवून त्यांना शेजारी बसवलं. सर्व्हर तोवर इतका म्हातारा झाला होता की एक पान वरून खाली उघडायला त्याला दम लागे. आणि नकाशांना नावं नव्हती, नुसते आकडे. बडोद्याच्या कप्प्यातला एकेक उघडून पाहण्याशिवाय इलाज नव्हता. एकेक नकाशा हळूहळू खाली उतरत होता आणि भाऊ पाहत होते. हा औषधांचा माल, हा कापसाच्या गठाणी, या जागी आपला गुरमित ड्रायव्हर अडकला होता न ताई, रातभर. आधीच्या नकाशांवर रंजनाचं अक्षर होतं. ते आलं की भाऊ पुढे वाकून पाहायचे. मला वाटलं होतं कंटाळा येईल. खरं सांगते, तो कप्पा संपू नये असं वाटत होतं. आयुष्यभराचं काम असं समोरून जात होतं, आणि महिनाअखेरीला ते सगळं भंगारात जायचं होतं.

रंजनाचा नकाशा जवळजवळ शेवटी निघाला. फाटक आलं, टाकी आली, मग चौकोन, मग कपबशी. भाऊंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसले.

आता तो कागदावर कसा घ्यायचा? प्रिंटर मिहानला गेलेला. त्या डब्याला पेनड्राइव्ह चालत नसे. त्याला एकच गोष्ट यायची, फॅक्स पाठवणं. मी भाऊंना म्हटलं, तुम्ही वाडीला जा, मशिनपाशी उभे राहा आणि मला फोन करा, मी इथून सोडते. ते स्कूटर काढून गेले. मी टेबलापाशी बसून राहिले. फोन आला, मी बटण दाबलं. लाइन लागली, शिट्ट्या सुरू झाल्या, आणि मधेच तुटली. वाडीची लाइन पहिल्यापासून अशीच. भाऊंचा फोन, अर्धाच आला, फाटकापर्यंत. मी दुसऱ्या लाइनीनं सोडला. स्पीकरला कान लावून बसले होते मी, जशी काही माझीच पोरगी पलीकडे आहे. या वेळी शिट्टी साफ होती. पूर्ण गेला.

पुन्हा फोन वाजला. भाऊंनी आधी कागद पूर्ण आल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "ताई, यावर तारीख आजची आहे."

फॅक्सच्या माथ्यावर एक बारीक ओळ छापून येते, कधी पाठवला त्याची. नकाशा जुना असला तरी पाठवला त्या दिवशी, म्हणून तारीख त्या दिवसाची. मी समजावलं, भाऊ, ते सर्व्हर टाकतो, त्याला काय कळतं.

"टाकू द्या," ते म्हणाले. "इतक्या वर्सांनी कोणत्या तोंडानं जाऊ, हेच मले समजून नाही राहिलं होतं. आज बोलावलं न तिनं. आज बोलावल्यावर उद्या जावाले काही लाज नाही."

मी एवढंच म्हटलं, याचं लॅमिनेशन करू नका, झेरॉक्स काढा.

बडोद्याला जाणारा आमचाच ट्रक होता, त्यातच ते गेले. नागपूरच्या बाहेर न गेलेला माणूस पहिल्यांदा निघाला तो ड्रायव्हरशेजारी बसून. ज्याच्या हातात त्यांनी जन्मभर नकाशे दिले त्याच्याच हातात हाही दिला. गोदामातल्या लोकांकडून मी ऐकलं की ड्रायव्हरनं विचारलं, माल काय आहे? भाऊ म्हणाले, मीच.

त्यानंतर मी वाट पाहत राहिले. ती तिथे राहत असेल का? भाड्याचं घर असेल, सोडलं असेल. दार उघडलं तरी आत घेईल का? त्यांच्याकडे मोबाईल नव्हता, ड्रायव्हर त्यांना सोडून पुढे सुरतेकडे निघून गेला होता. लाइनी परत करायचा दिवस उजाडला. टेलिफोनवाल्यांचा माणूस दुपारी येऊन तीन लाइनी काढून गेला. चौथीसाठी मी त्याला चहा पाजला, वर पुन्हा चहा पाजला, आणि घरच्या चौकश्या केल्या. त्याला वाटलं असेल, बाई एकटीच असते, बोलायला कोणी नाही. त्यातलं थोडं खरंही होतं.

तो चौथ्या लाइनीला हात घालणार तेवढ्यात स्पीकर खरखरला. शिट्टी आली, बाहेरगावची, लांबची. मी त्याला हात धरून मागे ओढलं.

आमच्या धंद्यात माल पोचला की घेणाऱ्यानं पोचपावतीवर सही करून ती फॅक्स करायची असते. ड्रायव्हरकडे कोऱ्या पावत्या असतात. भाऊंनी त्यातलीच एक बरोबर नेली असणार. पडद्यावर ती वरून हळूहळू उतरू लागली. पाठवणार, नागपूर. मालाचं वर्णन, ठवकर, नग एक. हे भाऊंचं बिचकणारं अक्षर. माल मिळाल्याची सही, रंजना. आणि खाली शेऱ्याच्या जागेत, गोल, ठसठशीत, 'ळ'ला मोठं पोट काढून लिहिलेलं:

"चहा मिळाला."

टेलिफोनवाला म्हणाला, मॅडम, काढू का आता? मी म्हटलं, काढा.